वजनाची खोली

उमरी तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून काम करायला लागल्यावर एक गोष्ट मला लवकरच कळली. बाई जे दुखणं सांगत येते, ते बहुतेक वेळा तिचं खरं दुखणं नसतं. "सिस्टर, कंबर लई दुखूलालीय." "अंगात ताकदच नाही बघा." "जेवण जात नाही." ती गोळ्या घेते, पिशवीत टाकते, उठते, पायात चप्पल सरकवते आणि मग मागं कुणी नाही ना हे बघून हळूच म्हणते, "अजून एक होतं, सिस्टर." ती त्या 'अजून एक'साठीच आलेली असते. कुणाच्या अंगावरून पांढरं जात असतं, कुणाची पाळी चुकलेली असते. कुणाला नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की दुखण्याची धास्ती, तर कुणाला आता लेकरू नको असतं आणि घरात ते बोलायची सोय नसते.

उमरी तशी आडबाजूला नाही. नांदेडहून निजामाबादकडे जाणारी रेल्वे इथून जाते, जिनिंगमुळे कापसाच्या हंगामात गावात वर्दळ असते, धर्माबादच्या पुढं लगेच तेलंगण सुरू होतं. बाजारात मराठीबरोबर तेलुगू ऐकू येते, तांड्यांवर गोरमाटी. गावोगाव आशाताई आहेत, १०८ आणि १०२ नंबरच्या गाड्या आहेत, बाळंतपणासाठी पैसे देणाऱ्या योजना आहेत. औषधं, सुया, गोळ्या बऱ्याच अंशी पोचल्या आहेत. पण ज्या बाईसाठी हे सगळं आहे तिला एकटीला, कुणी ऐकत नसताना, चार वाक्यं बोलता येत नाहीत. माझ्या मते आमच्या भागातल्या स्त्रियांच्या आरोग्याचा सगळ्यात मोठा अडसर हा आहे.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत काय असतं ते बघा. एक खोली, एकच दार. सतरंजीवर लेकरांना मांडीवर घेऊन बसलेल्या बायका, भिंतीला टेकलेल्या सासवा, मधेच पोषण आहाराची पाकिटं न्यायला आलेला कुणी दीर. त्या गर्दीत मी पहिलटकरणीचं कार्ड भरायला घेते. शेवटची पाळी कधी आली? याआधी कधी दिवस गेले होते का? पडलं का, पाडलं का? हे प्रश्न उगाच विचारायचे नसतात. आधीचा गर्भपात, आधीचा रक्तस्राव, रक्तगट यावर पुढची काळजी अवलंबून असते. पण उत्तर सून देतच नाही, सासू देते. "पहिलंच हाय, काही तकरार नाही." सून खाली बघत मान हलवते. कार्ड भरलं जातं, आणि ते कार्ड खरं आहे असं धरून पुढं तालुक्याला, जिल्ह्याला आकडे जातात.

यावर मी एक साधा उपाय केला. उपकेंद्रात वजनकाटा बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर असायचा. तो उचलून आतल्या खोलीत नेला. शेजारी बीपीचं यंत्र ठेवलं, खिडकीला जुन्या साडीचा पडदा लावला, दाराला आतून कडी बसवून घेतली. आणि नियम केला की वजनाला एकेकटीनेच आत यायचं. गरोदर असो, लेकराला डोस द्यायला आलेली असो, सोबतीला आलेली नणंद असो की सासू असो, सगळ्यांना तोच नियम. अंगणवाडीत दुसरी खोली नसेल तर शाळेचा रिकामा वर्ग मागून घ्यायचा.

'सगळ्यांना' ह्या शब्दातच त्या उपायाचं बळ होतं. एकाच बाईला बाजूला बोलावलं की दिवेलागणीच्या आत गावात चर्चा होते. हिलाच का आत नेलं? हिला काय झालंय? त्या चर्चेला भिऊनच ती पुढच्या वेळी येत नाही. सगळ्याच आत जायला लागल्या की कुणावर बोट राहत नाही. आत आल्यावर मी प्रत्येकीला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायची. पाळी नीट येते का? अंगावरून काही जातं का? लघवीला जळजळ होते का? पुढचं लेकरू कधी हवंय, हवंय का? घरात कुणी हात उचलतं का? आधीच सांगायची, "मी सगळ्यांनाच इचारते, आणि इथलं बाहेर जात नसतं." पहिल्या महिन्यात बायका फक्त हसायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोलायला लागल्या.

ह्या खोलीने मला सगळ्यात मोठं काही शिकवलं ते सासवांबद्दल. गाव आणि वय सांगत नाही, कारण त्या खोलीतलं बाहेर न जाऊ देण्याचा शब्द मी आजही पाळते. एक मावशी सुनेला कधी एकटी सोडायच्या नाहीत. सुनेच्या वतीने उत्तरं त्याच द्यायच्या, पाळणा लांबवायच्या कुठल्याही साधनाला त्यांचा नकार ठरलेला. वजनाला त्यांची पाळी आली. काट्यावर चढताना त्यांनी गुडघे जवळ आवळून, लुगडं घट्ट धरून पाऊल टाकलं. मी विचारलं, "मावशी, अंग बाहेर येतं का?" त्या काट्यावरच उभ्या राहिल्या. खाली उतरेनात, बोलेनात. मग म्हणाल्या, "धाकट्याच्या बाळंतपणापासून." तो धाकटा आता बाप झाला होता. इतकी वर्षं ही बाई कापडाची घडी लावून शेतात जात होती, कापूस वेचत होती, पाण्याच्या घागरी आणत होती. खोकला आला की जीव मुठीत धरायची. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. "कुनी इचारलंच नाही," एवढंच म्हणाल्या.

घरी झालेली बाळंतपणं, वेळेआधी जोर लावायला लावणं, बाळंतिणीला विसावा न मिळता लगेच ओझी उचलायला लागणं, ह्यातून गर्भाशय खाली उतरतं. सुरुवातीला व्यायामाने फरक पडतो. पुढच्या टप्प्यात डॉक्टर रबराची रिंग बसवून आधार देऊ शकतात, नाहीतर शस्त्रक्रिया असते. मावशी आधी उमरीच्या ग्रामीण रुग्णालयात आणि मग नांदेडला गेल्या, त्यांचं ऑपरेशन झालं. पुढच्या खेपेला त्या सुनेला घेऊन आल्या, लेकरू स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि तिला म्हणाल्या, "जा आत. काय असंल ते नीट सांग." सुनेच्या वाटेत सासू उभी असते असं आपण सहज म्हणतो. पण त्या सासूलाही आयुष्यात कधी कुणी एकटीला आत बोलावून विचारलेलं नसतं, हे आपल्या लक्षात येत नाही. जिचं कधी ऐकलं गेलं नाही, ती दुसरीचं ऐकून घ्यायला कुठून शिकणार?

आतल्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा निघणारी तक्रार म्हणजे पांढरं जाणं. थोडं जाणं निसर्गाचंच असतं, पाळीच्या मधल्या दिवसांत जास्त जाणवतं. पण वास, खाज, दह्यासारखा किंवा हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणं असेल तर तो जंतुसंसर्ग. त्याला सरकारी दवाखान्यात रंगांच्या पुड्या आहेत. हिरव्या पुडीत योनीमार्गाच्या संसर्गाची औषधं, करड्या पुडीत गर्भाशयाच्या तोंडाच्या, पिवळ्या पुडीत ओटीपोटाच्या दुखण्याची. वैद्यकीय अधिकारी तपासून पुडी ठरवतात, पैसे लागत नाहीत. अडचण येते ती पुढं. काही संसर्गांत नवऱ्यानेही औषध घ्यायचं असतं, नाहीतर पुन्हा तेच. नवरा हैदराबादला बांधकामावर, सणाला येतो आणि जातो. "त्याला कसं सांगू? मलाच इचारंल, तुला कुठून लागलं?" ह्या भीतीपोटी बाई निम्मंच औषध घेते आणि आजार अंगावर काढते. गावात भिंतीभिंतीवर गुप्तरोगाच्या खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात. नवरा त्याच पत्त्यावर पैसे घालवून येतो. रुग्णालयात एचआयव्हीची आणि गुप्तरोगाची तपासणी व समुपदेशन मोफत आहे, नाव बाहेर जात नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अंगावर काढलेलं हेच पांढरं जाणं पुढं गर्भाशयाची पिशवी काढण्यापर्यंत जातं. "कॅन्सर होईल, पिशवीच काढून टाक" असं सांगणारे भेटतात, आणि दोन लेकरं झालेल्या बाईला वाटतं की बरंच झालं, पाळीचीही कटकट गेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढं आला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. नांदेडच्या कंधार, लोहा, मुखेड भागातूनही कोयते जातात. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग पिशवी काढणं हा हिशेब ठरतो. तिशीतच पिशवी गेली आणि सोबत बीजांडकोषही काढले, तर हाडं ठिसूळ होणं, अंगात वाफा येणं, थकवा हे सगळं भर कामाच्या वयात सुरू होतं. कॅन्सरची भीती असेल तर तिशीनंतरच्या बाईची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करता येते. तिथं सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते बघायचं. मी बायकांना एवढंच सांगायची, पिशवीचा निर्णय एका डॉक्टरच्या एका वाक्यावर घेऊ नका, आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, मग ठरवा.

पाळणा लांबवण्याची साधनं हा आतल्या खोलीतला दुसरा मोठा विषय. गावात कुटुंबनियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन एवढंच लोकांना ठाऊक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के आहे. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची, कमी धोक्याची, त्याच दिवशी घरी पाठवणारी. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरावा लागतो. तरी घराघरांत ऐकायला येतं, "तो कामाचा माणूस हाय, त्याचं नको." खुरपणीला, वेचणीला, भारे बांधायला बाई जाते ती काय कामाची नव्हे?

ज्यांना ऑपरेशन नको, फक्त दोन-तीन वर्षं उसंत हवी, त्यांच्यासाठी २०१७ पासून अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी सरकारी दवाखान्यांत आली. अंतरा दर तीन महिन्यांनी. पहिलं डॉक्टरांनी तपासल्यावर, बाळंतिणीला सहा आठवड्यांनंतर. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही की शेकायची नाही. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. तिच्यात संप्रेरक नाही, अंगावर पाजणारीलाही चालते. माझ्या अनुभवात अंतरा टिकणं किंवा न टिकणं हे आधी काय सांगितलं त्यावर ठरतं. ह्या इंजेक्शनने पाळी अनियमित होते, कधी डाग पडत राहतात, कधी पाळी बंदच होते, आणि थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. हे आधी स्वच्छ सांगितलेली बाई दुसऱ्या इंजेक्शनला परत येते. न सांगितलेली घाबरते, आणि तिचं ऐकून गल्लीतल्या दहाजणी 'ते विंजेक्शन वाईट' ठरवून मोकळ्या होतात. माहिती लपवून साधन खपवलं तर त्याच्यावरचा विश्वास कायमचा जातो.

अंतराचं कार्ड कुठं ठेवायचं, हा प्रश्नही मला तिथंच कळला. कार्ड घरी सापडलं तर भांडण. म्हणून कितीतरी जणींची कार्डं आशाताईच्या ट्रंकेत असायची, पुढची तारीख ती लक्षात ठेवायची आणि दळण घेऊन जाताना हळूच सांगून यायची. आशाताईला आपण निरोप्या समजतो. प्रत्यक्षात गावातल्या बायकांची गुपितं तिच्याकडे ठेव असतात, आणि तिच्या मोबदल्याचा काही भाग मात्र अजूनही कामागणिक मोजला जातो, तोही वेळेवर मिळत नाही म्हणून तिला आंदोलनं करावी लागतात.

गर्भपाताबद्दल तर गैरसमजच जास्त. लिंगनिदान गुन्हा आहे असे फलक दवाखान्यादवाखान्यांत लागले, ते लागायलाच हवेत. पण बायकांनी त्यातून अर्थ काढला की पोट पाडणं हाच गुन्हा आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. साधन फसलं हे कारण आता लग्न झालेल्या बाईपुरतं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही २४ आठवड्यांच्या मर्यादेतून अविवाहित बाईला वगळता येणार नाही असं स्पष्ट केलं. अठरा पूर्ण झालेल्या बाईची फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. तरी कितीतरी ठिकाणी "नवऱ्याला घेऊन या" असं म्हटलं जातं आणि दारातून परत आलेली बाई कुणाकडून तरी चोरून आणलेली गोळी, किती आठवडे झाले हे न बघता, घेऊन टाकते. गैरसमज दिवस जाण्याबद्दलही असतात. एकदा अंगावर पाजणारी एक लेकुरवाळी आत आली. लेकरू आठ महिन्यांचं, तिला पाळी अजून आलेलीच नव्हती, आणि पोट जड लागत होतं. अंगावर दूध असेपर्यंत दिवस जात नाहीत अशी तिची पक्की समजूत. हे पहिल्या सहा महिन्यांपुरतं, तेही बाळ पूर्ण अंगावरच्या दुधावर असेल आणि पाळी आलेली नसेल तरच खरं, हे तिला बाळंतपणाच्या दवाखान्यात एका वाक्यात सांगता आलं असतं.

पोरींचं वेगळंच. राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं, आणि आमच्या शेजारच्या परभणीत हे प्रमाण ४८ टक्के, असं तीच राष्ट्रीय पाहणी सांगते. लग्न लवकर लावणाऱ्या आईबापांशी बोलले की एकच कारण निघतं, "पोरगी हातची जाईल." दहावीच्या पुढं शाळा दुसऱ्या गावाला, एसटीची वेळ अंधाराची, आणि पोरीला शरीराबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. ती पोर सतराव्या वर्षी गरोदर म्हणून येते तेव्हा घरचे वय वाढवून सांगतात, कारण पोर अठराच्या आतली असेल तर दवाखान्याने पोलिसांना कळवायचं असतं. कायदा तिच्या संरक्षणासाठी आहे, पण त्याच्या भीतीने ती नोंदणीतून निसटते, रक्त किती आहे ते तपासलं जात नाही, आणि कळा सुरू झाल्यावरच गाडी बोलावली जाते.

म्हणून मी शाळांत जाऊ लागले. पाळीची माहिती मुलींना वेगळं बसवून द्यायची पद्धत आहे. मी मुलांचाही तास मागून घेतला. चिठ्ठ्या टाकायला पेटी ठेवली, नाव लिहायचं नाही. मुलांच्या चिठ्ठ्यांत भीतीच भीती असायची. झोपेत वीर्य गेलं तर कमजोरी येते का, रक्ताच्या किती थेंबांचं वीर्य होतं, भिंतीवर लिहिलेलं खरं आहे का. एकाने लिहिलं होतं, 'बहिणीला पाळीत दुखतं, मी काय करू?' त्या चिठ्ठीचं उत्तर मी सगळ्यात सावकाश दिलं. गरम पाण्याचा शेक, विश्रांती, तिच्या वाटणीचं काम तू कर, आणि दर महिन्याला असह्य दुखत असेल तर दवाखान्यात घेऊन ये. ह्याच पोरांतून उद्याचे नवरे होणार आहेत.

ह्या विषयांवर बोलण्याची लढाई जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. लैंगिक विषयांवर उघड लिहिलं म्हणून त्यांच्यावर खटले झाले, त्यातल्या एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्याच पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. तेव्हा उमरी निजामाच्या राज्यात होती, ते वारं इथं पोचायला वेळ लागला. कर्व्यांच्या काळी साधनंही सहज मिळत नव्हती आणि बोलायचीही बंदी होती. आज साधनं फुकट मिळतात, बोलण्यावर कुठल्याही कायद्याची बंदी नाही. उरली आहे ती घरातली आणि दवाखान्यातली बंदी, आणि ती उठवायला विधानसभेत ठराव लागत नाही.

त्यासाठी हवं आहे ते फार महागाचं नाही. प्रत्येक उपकेंद्रात आणि अंगणवाडीत कडी लागणारी एक खोली. तिथं प्रत्येक बाईला, प्रत्येक सासूला, प्रत्येक पोरीला एकटीने जाता येईल असा नियम. अंतरा, छाया, निरोध आणि रंगांच्या पुड्यांचा न तुटणारा पुरवठा. शेतातून येणाऱ्या बायकांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ दवाखाना उघडा. पुरुषांशी बोलायला तितकाच तयार आरोग्यसेवक. रिकाम्या जागा भरलेल्या, म्हणजे एकाच सेविकेवर दोन उपकेंद्रांचा भार येणार नाही आणि एका बाईला पाच मिनिटं देताना तिचं लक्ष घड्याळाकडे जाणार नाही. नव्या आरोग्यसेविका भेटल्या की मी त्यांना रजिस्टर, ॲप, उद्दिष्टं ह्यांच्या आधी एवढंच सांगते, वजनकाटा आतल्या खोलीत ठेवा. ह्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही, पुढच्याच लसीकरणाच्या दिवसापासून सुरू करता येतं.